खाऱ्या वाऱ्यातलं ग्रीसिंग

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, जाळी सांधायला निघतात, इंजिनं उघडली जातात. होडीची अशी सरबराई चाललेली असताना तिच्या जोडीदाराकडे मात्र कुणी पाहत नाही. बंदरावरून म्हावरं उचलून मुंबईच्या बाजारात पोचवणारा टेम्पो घरामागे नाहीतर रस्त्याच्या कडेला दोन महिने उभा असतो. वरून पाऊस, खाली ओली वाळू, आणि चासीवर हंगामभर गळलेल्या बर्फाच्या खाऱ्या पाण्याची पुटं. ऑगस्टात पहिल्या फेरीला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’ असा आवाज येतो. गाडी मागे घेताना पुन्हा ‘टक्’. गॅरेजवाला खाली वाकतो, शाफ्टला हाताने एक झटका देतो आणि दोन शब्दांत निकाल लावतो: क्रॉस गेला.

मालकाला हे पटत नाही. पटावं तरी कसं? एप्रिलात ग्रीसिंग केलेलं, त्यानंतर थोड्याच फेऱ्या झालेल्या, आणि पुढचे दोन महिने मीटर हललेलंच नाही. गाडीच्या पुस्तकाप्रमाणे अजून काही हजार किलोमीटर बाकी. पुस्तक खोटं बोलत नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती रोज धावणारी, बहुतेक वेळ कोरड्या रस्त्यावरची गाडी. रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात तशी गाडी सापडणं कठीण. इथे ग्रीस घासून संपण्याच्या आधी पाण्याने बाद होतं. म्हणून ‘ग्रीसिंग किती किलोमीटरला करायचं?’ हा प्रश्न इथे अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: मागच्या ग्रीसिंगनंतर गाडीने पाणी किती पाहिलं, आणि ते गोडं होतं की खारं?

आधी हा क्रॉस काय करतो ते पाहू, कारण सगळ्या ग्रीसिंगचं मर्म त्याच्यात आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागे. दोघांना जोडणारा पोकळ पोलादी नळा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला बांधलेला, पण मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर सतत खाली-वर होणारा. म्हणजे शाफ्टला जोर पोचवता पोचवता आपला कोनही बदलता आला पाहिजे. ही सोय अधिकच्या चिन्हासारखा दिसणारा एक पोलादी तुकडा करतो. त्याला चार बोटं, प्रत्येक बोटावर एक टोपी, आणि टोपीत बारीक सुयांचं बेअरिंग. या सांध्याला सोळाव्या शतकातल्या इटलीच्या जेरोलामो कार्दानोचं नाव आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने तो वापरला आणि त्याचा अभ्यास केला. मोटारगाड्या आल्या तेव्हा मात्र त्यांपैकी बऱ्याच जणींच्या मागच्या चाकाला साखळीच होती. १९०३ मध्ये क्लॅरन्स स्पायसर या अमेरिकन अभियंत्याने मोटारीसाठी आवरणात बंद केलेल्या सांध्याचं पेटंट घेतलं, आणि साखळीचे दिवस भरले. धूळ-पाणी बाहेर आणि वंगण आत, ही कल्पना तेव्हापासूनची.

या सांध्यात एक खोड जन्मजात आहे. शाफ्ट सरळ रेषेत नसेल तर एका बाजूला एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी पोचत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, ३० अंशांचा असेल तर पंधरा टक्क्यांच्या पुढे. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा ठेवून दोन्हींचे शाफ्टवरचे काटे एका रेषेत बसवतात. पहिल्याने केलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून पुन्हा बसवताना त्यांच्यावरच्या बाणाच्या खुणा जुळवायच्या असतात त्या याचसाठी. खुणा नसतील तर उघडण्याआधी खडूने किंवा पंचने करून घ्याव्यात. हे न पाहता जोडलेला शाफ्ट नव्या क्रॉसनेही थरथरतो, आणि मग बिचाऱ्या ग्रीसला बोल लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. चाकाच्या बेअरिंगातले रोलर गोल गोल फिरतात, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पुन्हा पुन्हा फासलं जातं. क्रॉसमधल्या सुया तशा फिरत नाहीत. शाफ्टचा कोन तीन अंशांचा असेल तर त्या तीन अंशांपुरत्याच पुढे-मागे डुलतात. पुन्हा पुन्हा तीच सुई, बोटावरची तीच रेघ, आणि तिच्यावर इंजिनाचा सगळा जोर. सुईखालचं ग्रीस बाजूला ढकललं जातं. ते तेलासारखं वाहून परत येत नाही. म्हणून गाडी बनवणारे शाफ्टला अगदी सरळ ठेवतच नाहीत, मुद्दाम थोडा कोन देतात, म्हणजे सुया निदान जागच्या हलतील. आणि उभ्या गाडीत त्या तेवढ्याही हलत नाहीत. जिथे टेकल्या तिथे टेकून राहतात. त्या जागी ग्रीसची जाडी नाहीच्या बरोबर, आणि टोपीच्या सीलमधून ओल शिरलेली असली तर गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. असा क्रॉस उघडून बोटावरून नख फिरवलं की एकाशेजारी एक बारीक खाचा लागतात. ‘टक्’ आवाज त्या खाचांमधल्या मोकळ्या जागेचा असतो. त्याच्याही आधीची खूण म्हणजे टोपीच्या काठाशी जमलेली तांबूस भुकटी. ती दिसली की आत सुया कोरड्या पडल्यात असं धरून चालावं. तेव्हा कितीही ग्रीस मारलं तरी ते उशिरा आलेलं असतं. गंजून झिजलेलं पोलाद ग्रीसने भरून येत नाही.

खाऱ्या हवेचं काम कसं चालतं तेही समजून घेण्याजोगं आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून गेलं तरी ते क्षार चासीवर राहतात, आणि आपल्याला वाटतं गाडी वाळली. प्रत्यक्षात साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर तेहेतीस-चौतीस टक्क्यांपासूनच पाणी ओढू लागतं. अलिबाग-मुरूडची हवा पावसाळ्यात पंचाहत्तरच्या खाली क्वचितच येते आणि भर हिवाळ्यातही चौतिसाला क्वचितच पोचते. याचा अर्थ एकदा खारं पाणी लागलेली चासी धुतल्याशिवाय खऱ्या अर्थाने कोरडी होतच नाही. पाऊस नसला तरी रात्रभर तिच्यावर ओलसर, वीज वाहून नेणारा पातळ थर असतो, आणि गंजाला तेवढंच लागतं. घाटावरून आलेले लोक म्हणतात, ‘आमची गाडी तर महिनाभर पावसात उभी असते, काही होत नाही.’ त्यांचा पाऊस गोडा असतो.

खारं पाणी गाडीपर्यंत पोचायला इथे वाटाही भरपूर. म्हावऱ्याच्या टेम्पोचं सांगितलंच. त्यांच्या मागे जाणाऱ्या गाड्यांनाही त्या पाण्याचा प्रसाद मिळतो. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली, पण मोठ्या खाड्यांवर पुलांऐवजी फेरीबोटीच आपल्या सवयीच्या. आगरदांडा ते दिघी किंवा बागमांडला ते वेसवी जाताना गाडी जेट्टीच्या उतारावरून बोटीच्या फळीवर चढते, आणि भरतीच्या वेळी हा उतार ओला असतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईच्या गाड्याही समुद्राच्या वाऱ्यात तासभर उभ्या राहून येतात. आणि पुळणीवर गाडी घालणाऱ्या हौशी मंडळींबद्दल काय बोलावं! काशीद, नागाव, आक्षीच्या ओल्या वाळूत चाकं रुतून भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीला फिरतात. गाडी दोराने ओढून निघते, मालक सुटकेचा श्वास सोडून मुंबईला जातो. त्या पाण्याचं बिल दोन-तीन महिन्यांनी येतं, आणि तोवर त्या सहलीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असा समज आहे. तसं ते नाही. त्यात ऐंशी-नव्वद टक्के साधं तेलच असतं, आणि उरलेल्यात मुख्यतः एक प्रकारचा साबण. साबणाच्या सूक्ष्म तंतूंचं जाळं ते तेल धरून ठेवतं आणि दाब-उष्णता मिळाली की थोडं थोडं सोडतं. समईतली वात तेल धरते आणि ज्योतीला पुरवत राहते, तसंच. म्हणून ग्रीस कसलं हे ठरतं साबणावरून. सोडियमच्या साबणाचं ग्रीस पाण्यात कालवलं जातं, ते किनाऱ्यावर कामाचं नाही. कॅल्शियमचं जुनं ग्रीस पाण्याला चांगलं तोंड देतं, पण शंभर अंशांच्या अलीकडेच वितळतं. गेली कित्येक दशकं सगळीकडे चालतं ते लिथियमचं. पाणी बऱ्यापैकी सोसतं आणि एकशे ऐंशी अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही. त्याचा साबण बनतो १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लापासून, आणि ते आम्ल येतं एरंडेलातून. जगातलं सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतं, त्यातलं बहुतेक गुजरातेत. बैलगाडीच्या कण्याला जाणारं एरंडेल असं रसायनशाळेतून फिरून ट्रकच्या शाफ्टमध्ये आलं आहे.

डब्यावर ‘एनएलजीआय २’ असा शिक्का असतो. १९३३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ग्रीस संस्थेची ही घट्टपणाची मोजणी. ग्रीस आधी साठदा घुसळायचं, मग २५ अंश तापमानाला त्यावर ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडायचा. तो साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर आत गेला तर ते दोन नंबरचं. चासी, क्रॉस, पाट्यांच्या पिना, सगळ्याला हाच नंबर चालतो. पण हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो, पाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. किनाऱ्यावर घट्टपणापेक्षा महत्त्वाचं दुसरं काही असतं: ग्रीस पाण्याने धुऊन जातं का आणि खाऱ्या पाण्यात पोलादाला गंजापासून वाचवतं का. या दोन्हींत कॅल्शियम सल्फोनेट जातीचं ग्रीस लिथियमच्या पुष्कळ पुढे आहे. बंदरांवर आणि जहाजांवर ते त्यासाठीच वापरतात. महाग पडतं, पण एका गाडीला वर्षभरात लागतं किती? एका क्रॉसच्या किमतीशी तुलना करून पाहावी.

मात्र दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. पॉलियुरिया किंवा चिकणमातीवर आधारलेली ग्रीसं लिथियमशी बहुतेक वेळा जमत नाहीत. जात बदलायची असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं मारावं. काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस स्लायडिंग जागी, म्हणजे पिना आणि स्लीव्हच्या खाचांमध्ये छान. सुयांच्या बेअरिंगात मी ते टाळीन, गाडीच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं असेल तरच घालीन.

आता वेळेचा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या, ग्रीस मारायचं निपल असलेल्या गाड्यांच्या पुस्तकांत क्रॉस आणि चासीसाठी साधारणपणे ५,००० ते १०,००० किलोमीटरचे आकडे आढळतात. लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकांत याहून बरेच मोठे. आपण ५,००० धरू. मुरूडहून मुंबईला म्हावरं नेणाऱ्या टेम्पोची एक फेरी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. सतरा फेऱ्यांत आकडा भरला, म्हणजे भर हंगामात तीन-चार आठवड्यांत ग्रीसिंग आलंच. या टेम्पोला हंगामात पुस्तकाचा आकडा पुरतो. नडते ती बंदी. याउलट अलिबाग-मुरूड रस्त्यावर पर्यटकांची ने-आण करणारी, शनिवार-रविवारीच निघणारी गाडी घ्या. तिला ५,००० किलोमीटर भरायला सहा-आठ महिने लागतील. त्यात अख्खा पावसाळा येतो, आणि अलिबागचा पावसाळा म्हणजे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पुस्तकावर विसंबून चाललं तर दसऱ्याला तिच्या क्रॉसमध्ये ग्रीसऐवजी दुधाळ लोणी सापडायचं.

आणि सर्वांत वाईट स्थिती कॅराव्हॅनची. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि किनाऱ्यावर झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या दिसू लागल्या. बऱ्याचशा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेल्या. ही ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या आराखड्यावर आणली. दणकट गाडी, पण कॅराव्हॅन झाली की तिचं आयुष्यच बदलतं. माल वाहणारा टेम्पो परतीला रिकामा येतो, पाट्यांना आणि पिनांना उसंत मिळते. कॅराव्हॅनमध्ये पलंग, ओटा, शौचालय, बॅटऱ्या, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे सगळं उभ्या गाडीतही पाट्यांवर बसलेलंच असतं. पिन आणि बुश यांच्यातली भार पडणारी बाजू कधी मोकळीच होत नाही, आणि मागच्या बाजूने मारलेलं ग्रीस तिथे पोचत नाही. त्यात ती धावते थोडी आणि उभी राहते फार, बहुतेक वेळा समुद्राच्या तोंडावरच, कारण त्यासाठीच तर ती घेतलेली. वर्षाला ती जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर जाईल; पुस्तकाच्या हिशेबाने तिला वर्षात एकदाही ग्रीस लागू नये.

माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या निपलवाल्या गाडीला उघडिपीत तीन महिने किंवा ५,००० किलोमीटर, जे आधी येईल ते. जून ते सप्टेंबर दर महिन्याला, किलोमीटर कितीही झालेले असोत. याशिवाय दोन वेळा अशा आहेत ज्यांना कॅलेंडर लागत नाही. एक, गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर उभी करायच्या आदल्या दिवशी. परत निघताना केलेलं ग्रीसिंग कमी उपयोगाचं, कारण गंजाला हवे होते ते दिवस मधे मिळून गेलेले असतात. मासेमारी बंदीत उभ्या राहणाऱ्या टेम्पोला मे अखेरचं ग्रीसिंग ऑगस्टातल्या ग्रीसिंगपेक्षा मोलाचं, आणि मधे दर आठ-पंधरा दिवसांनी पाच-सात किलोमीटर फिरवून आणला तर सुया जागा बदलतात. दोन, शाफ्टपर्यंत पाणी आलं, मग ते पुळणीवरचं असो, उधाणाचं असो की महाडजवळच्या पुराचं, तर गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी.

मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. तिथल्या खड्ड्यांनी स्टिअरिंगच्या टाय रॉडची आणि किंग पिनची जी कसोटी घेतली आहे तिचं भान ठेवूनही हे वेळापत्रक अघळपघळ नाही. एसटीचं बरं असतं, आगारात गाडी ठरल्या वेळी खड्ड्यावर जाते आणि कुणीतरी खाली उतरून निपल शोधतो. खाजगी गाडीचं ग्रीसिंग कुणाच्याच अंगावर नसतं. ‘दादा, मागचं ग्रीसिंग कधी केलंत?’ या प्रश्नाला मालक ड्रायव्हरकडे पाहतो आणि ड्रायव्हर आकाशाकडे.

ग्रीस मारण्यातही कसब आहे. १९२९ मध्ये व्हिएन्नाकडच्या ऑस्कर झर्कने आज आपण वापरतो ते छोटं, गोल डोक्याचं, आत स्प्रिंग आणि गोळी असलेलं निपल पेटंट केलं, त्यामुळे हे काम सोपं झालं. त्याआधी ग्रीसच्या वाट्या हाताने पिळाव्या लागत. पण त्या डोक्यावर वाळू असेल तर गन तीच वाळू काही हजार पौंडांच्या दाबाने थेट सुयांमध्ये कोंबते. आधी फडक्याने निपल पुसायचं, मग गन लावायची. इतकं साधं, आणि तरी वॉशिंग सेंटरच्या घाईत हेच राहून जातं.

क्रॉसला किती मारायचं याचं उत्तर पंपांच्या संख्येत देऊ नये. चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर येताना दिसलं पाहिजे. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही, म्हणजे काम झालेलं नाही; ग्रीसने सोप्या वाटा धरल्या आणि चौथं बोट कोरडंच राहिलं. अशा वेळी शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे दाबत पुन्हा मारावं, कधी ती टोपी जरा सैल करून. तरीही येत नसेल तर क्रॉस उघडावाच लागतो. बाहेर आलेल्या ग्रीसचा रंग पाहावा. काळं असेल तर जुनं झालं, दुधाळ असेल तर पाणी आहे, तांबूस असेल तर गंज आहे, आणि बोटांत चोळल्यावर चमचम दिसली तर पोलाद निघत आहे. पुसून टाकण्याआधी मालकाने ते स्वतः पाहावं, असं मला वाटतं. त्यातून जेवढं कळतं तेवढं बिलातून कळत नाही.

शाफ्टच्या मधल्या स्लीव्हला, जिथे शाफ्ट लांब-आखूड होतो, बहुधा एक छोटं भोक असतं. त्यातून ग्रीस दिसू लागलं की लोक थांबतात. थांबायचं नाही. भोकावर अंगठा दाबून आणखी मारायचं, ग्रीस सीलच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. तरच खाचा पूर्ण भरतात. पाट्यांच्या पिना, शॅकल आणि किंग पिन यांना ग्रीस मारताना चासी किंवा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून भार काढावा. भाराखाली पिन एका बाजूला घट्ट दाबलेली असते, ग्रीस सगळं मोकळ्या बाजूने पळून जातं, आणि ज्या बाजूला गरज तीच उपाशी राहते. कॅराव्हॅनच्या बाबतीत हे एकच काम नीट झालं तरी निम्मी लढाई झाली. टाय रॉडच्या रबरी बुटात मात्र हात आखडता घ्यावा. बूट किंचित फुगला की पुरे. फाटला तर ती पाण्याची उघडी वाट. आणि रबराच्या बुशांना ग्रीस लावूच नये, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून सडतं.

आपल्याकडे ‘वॉशिंग-ग्रीसिंग’ असा जोडशब्द आहे, आणि त्यातला क्रम अगदी बरोबर आहे. खंडेनवमी-दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालायचा, लिंबू चाकाखाली ठेवायचं, हे सगळीकडे चालतं; पण त्या धुण्यानंतरचं ग्रीसिंग विसरायचं नाही. शंभर बारच्या वर दाबाचं पाणी जेव्हा क्रॉसच्या सीलवर जवळून मारलं जातं, तेव्हा पावसाळ्यात गेलं नाही तेवढं पाणी पाच मिनिटांत आत जातं. धुऊन लगेच ग्रीसिंग केलं तर नवं ग्रीस ते पाणी बाहेर ढकलतं. पैसे वाचवायला नुसतं वॉशिंग करून गाडी आणली तर ती न धुतलेली बरी होती.

किनाऱ्यावरची दुसरी रीत म्हणजे पावसाळ्याआधी चासीवर जळकं ऑइल फवारणं. गंज थोडा थांबतो हे खरं. पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि काजळी असते, ते रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या पाइपांवर बसतं, आणि पहिल्या पावसात निम्मं वाहून शेजारच्या वाडीत जातं. सुपारीच्या मुळाशी ते जाऊ नये. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणून नोंदलं आहे. पाट्यांना हवं असेल तर ग्रॅफाइटचं ग्रीस लावावं, चासीला मेणाचं किंवा रबराचं लेपण द्यावं.

निपलविना दोन जागा राहतात. चाकांचं बेअरिंग गनने भरायचं नसतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हब उघडून जुनं ग्रीस धुवायचं, हाताने नवं बेअरिंगात भरायचं, सील बदलायचं. हब गच्च भरून ठेवला तर ग्रीस घुसळून तापतं आणि सीलबाहेर येऊन ब्रेकवर जातं, म्हणून इथे कंजूषपणाच बरा. आणि मागचा अ‍ॅक्सल. लांब धावून तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेते. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचा प्लग त्याच आठवड्यात उघडून ऑइल दुधाळ झालंय का हे पाहिलं नाही, तर शाफ्टला मारलेल्या ग्रीसचा काही उपयोग नाही.

हल्लीच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. त्यांच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे रबरी बुटात कायमचे बंद असतात, आणि काम एवढंच की दर महिन्याला वाकून बूट फाटला नाही ना ते पाहायचं. मागच्या चाकांच्या कित्येक नव्या गाड्यांतही निपल नसलेले, ‘आयुष्यभरासाठी बंद’ क्रॉस येतात. घाटावर ते ठीक चालतात. किनाऱ्यावर मूळ क्रॉस गेल्यावर निपलवाला मिळत असेल तर मी तोच घेईन, आणि बसवणाऱ्याला आधीच सांगेन की निपलचं तोंड अशा बाजूला ठेव जिथे गनचं टोक पोचेल. उलट बसवलेल्या निपलला ग्रीस मारायला शाफ्टच खोलावा लागतो, आणि मग तो कुणीच खोलत नाही.